घरून व्हिडिओ-संकलन करायचं आहे: फायबर घ्यावं की ५जी राउटर?

संकलिका

नमस्कार मंडळी. मी व्हिडिओ-संकलनाचं काम घरून करते. दिवसभराचं काम झालं की संध्याकाळी साधारण ४० जीबीचा ऐवज समोरच्या पार्टीच्या सर्व्हरवर चढवावा लागतो, आणि सकाळी ते लोक तो उघडून बसलेले असतात. म्हणजे रात्रीत तो पोचलाच पाहिजे. त्याच वेळेला नवऱ्याचे ऑनलाइन वर्ग चालू असतात आणि आई आतल्या खोलीत व्हिडिओ बघत असते.

आत्तापर्यंत मोबाइलचा हॉटस्पॉट लावून भागवलं, पण आता काहीतरी कायमचं करायला हवं. दोन पर्याय समोर आहेत. एक, सिमवर चालणारा ५जी राउटर. दुसरा, फायबर. इमारतीच्या तळमजल्यावर फायबरची पेटी लागलेली आहे, आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. घर भाड्याचं आहे, करार अजून दीड वर्षाचा. मालकांना भिंतीला भोक पाडलेलं चालणार नाही.

माझ्या टेबलापाशी फोनवर घेतलेली स्पीड टेस्ट देते. सकाळी साडेदहाला डाउनलोड ३८० एमबीपीएस, अपलोड २२. रात्री नऊला डाउनलोड ६०, अपलोड ४. पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) सकाळी ३५च्या आसपास असतो, रात्री फाइल चढत असताना १८०पर्यंत जातो आणि नवऱ्याचा आवाज समोरच्यांना तुटक ऐकू येतो.

डाउनलोडचे आकडे बघितले की वाटतं, ५जी राउटर पुरे. मग रात्र आठवते. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

---

वाटसरू

मी गेली काही वर्षं ५जी राउटरवरच आहे आणि समाधानी आहे. माझं काम मेल, कागदपत्रं, बैठका, एवढंच. घर बदलावं लागतं, तेव्हा राउटर पिशवीत टाकायचा आणि नव्या घरी प्लगला लावायचा. कोणाची वाट बघायची नाही, कोणाला घरात घ्यायचं नाही.

एक अनुभवाचं सांगतो. राउटर घरात कुठे ठेवता याने जमीनअस्मानाचा फरक पडतो. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा, कपाटाच्या वर किंवा टीव्हीच्या मागे नको. राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) असे दोन आकडे दिसतात. आरएसआरपी उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेला तर त्रास होणार. एसआयएनआर २०च्या वर हवा, शून्याकडे आला की रेंजच्या काड्या भरलेल्या दिसूनही नेट रडतं. खिडकीच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा लेप असेल तर तीच काच सिग्नलही अडवते, तेवढं बघून घ्या.

दीड वर्षासाठी मी तरी फायबरच्या भानगडीत पडलो नसतो.

---

फायबरवाला

ताई, मी फायबरच्या लाइनी ओढण्याचं आणि जोडण्याचं काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. तरी तुमच्यासाठी फायबर का म्हणतो त्याची कारणं तुमच्याच आकड्यांतून दाखवतो.

आधी हिशोब. ४० जीबी म्हणजे ३,२०,००० मेगाबिट. तुमच्या रात्रीच्या ४ एमबीपीएसने ते चढायला बावीस तासांच्या वर लागतील. म्हणजे उद्याचं काम तयार होईपर्यंत आजचं पोचलेलं नसेल. सकाळचा २२चा वेग रात्रभर मिळाला तरी चार तास. ५० एमबीपीएस अपलोड असेल तर पावणेदोन तास, १०० असेल तर एक तासाच्या आत. तुमच्या प्रश्नात ३८० हा आकडा सगळ्यात मोठा आहे आणि तुमच्या कामाशी त्याचाच संबंध सगळ्यात कमी आहे.

मोबाइलवर अपलोडच का मार खातं? दोन कारणं. पहिलं, ताकद. टॉवर कित्येक वॅटने बोलतो. तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटच्या आसपास. राउटरचे अँटेना फोनपेक्षा बरे असतात, पण टॉवरची बरोबरी कोणीच करत नाही. टॉवरचं तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं, तुमचं टॉवरला ऐकू येईलच असं नाही. दुसरं, वेळेची वाटणी. ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, आणि ती पाळी बहुतेक ठिकाणी डाउनलोडच्या बाजूने झुकवलेली असते, पाचातले चार भाग खाली आणि एक भाग वर असं धरून चाला. लोक बघतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून कंपन्या तसं लावतात. तुमचं काम नेमकं उलट आहे.

आता रात्रीचं. टॉवरचा एक सेक्टर (एका दिशेचा भाग) आसपासच्या सगळ्यांमध्ये वाटलेला असतो. घरची माणसं, रस्त्यावरची माणसं, पलीकडच्या इमारतीतले तुमच्यासारखेच ५जी राउटर. रात्री नऊला सगळे एकदम बसतात. तुम्ही महागडा राउटर आणला तरी तुमच्या वाट्याला येणारा तुकडा फार वाढत नाही.

फायबरही वाटलेलंच असतं, हे लपवत नाही. घरोघरी जाणारं फायबर बहुधा जीपॉन पद्धतीचं असतं, म्हणजे कंपनीच्या एक्सचेंजमधल्या एका पोर्टमधून निघालेली एकच फायबर वाटेत अनेक घरांना वाटलेली. एका पोर्टवर खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत विभागलेले. नवीन एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्ही दिशांना १० गिगाबिट. पण इथे पोर्टवर किती घरं आहेत ते ठरलेलं असतं. रस्त्यावरून जाणारा माणूस तुमच्या फायबरमध्ये शिरत नाही, आणि पावसाने किंवा समोर नवीन इमारत उभी राहिल्याने त्याची क्षमता बदलत नाही.

भोकाचं म्हणाल तर त्याची भीती बाळगू नका. घरात आणायची जी बारीक फायबर असते ती हल्ली वाकायला चांगली असते, जी.६५७ जातीची. बऱ्याचदा खिडकीच्या चौकटीच्या फटीतून, एसीच्या पाइपसाठी आधीच असलेल्या भोकातून किंवा टीव्हीच्या जुन्या केबलच्या वाटेने ती आत येते. आतून भिंतीच्या कडेने चिकटवायची पारदर्शक फायबरही मिळते, दोन हातांवरून दिसतसुद्धा नाही. मालकांना लाइनमनसमोर उभं करून वाट दाखवा, मग परवानगी मागा. "भोक पाडू का" विचारलं की नाहीच म्हणणार कोणीही.

माझा सल्ला: फायबर घ्या, आणि फोनमधलं सिम आहे तसं राहू द्या. फायबर तुटते. खोदकाम करणारे तोडतात, उंदीर कुरतडतात, ट्रकमध्ये अडकून ओढली जाते. वेग हळूहळू कमी होत नाही, लाल दिवा लागतो आणि सगळं बंद. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत हॉटस्पॉटवर बैठक तरी निभावते.

अवांतर: १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी मांडलं की काच पुरेशी शुद्ध केली, किलोमीटरमागे क्षय २० डेसिबलवर आणला, तर प्रकाशातून संदेश लांबवर नेता येईल. तेव्हाची काच त्याच्या जवळपासही नव्हती. १९७० साली कॉर्निंगच्या शास्त्रज्ञांनी ते करून दाखवलं. आज मी जी फायबर हाताळतो तिचा क्षय किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असतो. काओंना २००९ साली नोबेल मिळालं. आज भिंतीत टाकलेली काच पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या यंत्रांना पुरते, बदलायचं ते फक्त टोकांवरचं यंत्र. हे काम करताना मला रोज याचं अप्रूप वाटतं, म्हणून लिहिलं.

---

वाटसरू

अपलोडचा मुद्दा पटला. मी ४० जीबीकडे नीट लक्ष दिलं नव्हतं. मला तेवढं महिन्याभरातही लागत नाही.

---

संकलिका

इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. दादा, तुमचं वाचून मालकांना फोन केला. एसीच्या पाइपची वाट चालेल म्हणाले.

आता दोन शंका. माझ्याकडे घरी एक नेटवर्क डिस्क आहे, तिच्यातलं जुनं फुटेज मला बाहेर चित्रीकरणाला गेल्यावर लागतं. हॉटस्पॉटवर ती बाहेरून उघडतच नाही. फायबरवर उघडेल का? आणि अपलोड चालू असताना नवऱ्याचा आवाज तुटतो, ते फायबर घेतल्यावर आपोआप थांबेल का?

---

उत्तररात्र

याची उत्तरं मी देते, सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे.

डिस्क न उघडण्याचं कारण बहुतेक सीजीनॅट. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते संपत आले, म्हणून कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. आतून बाहेर जाता येतं, बाहेरून नेमकं तुमच्या दारापर्यंत येता येत नाही. ओळखायचं असं: राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) बघा, आणि "माझा आयपी काय" हे सांगणारी कुठलीही साइट उघडून तिथला आकडा बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांतल्या कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. २०१२ साली हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला.

मोबाइलवर सीजीनॅट जवळपास सगळीकडे असतं. फायबरवर नसेलच असं गृहीत धरू नका, पुष्कळ फायबरवालेही ते लावतात. पैसे भरायच्या आधी विचारा: पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा, फक्त तुमचा पत्ता) मिळेल का, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) चालू आहे का. दोन्हीला नाही म्हणाले तरी वाट आहे. घरची डिस्क आणि तुमचा लॅपटॉप दोघंही आतून बाहेर हाक मारतात आणि मध्ये एकमेकांना सापडतात, अशा पद्धतीची व्हीपीएन वापरायची. पोर्ट उघडून डिस्क थेट इंटरनेटवर मात्र ठेवू नका. अशा डिस्कवरचा सगळा ऐवज कुलूपबंद करून खंडणी मागणारे आहेत, आणि तुमचं फुटेज म्हणजे तुमची रोजीरोटी आहे.

आता आवाज तुटण्याबद्दल. तुमचा पिंग ३५चा १८० होतो याचा अर्थ राउटरमध्ये किंवा टॉवरपाशी रांग लागते. अपलोडचा रस्ता अरुंद आहे, तुमची फाइल तो पूर्ण भरून टाकते, आणि नवऱ्याच्या आवाजाचं छोटंसं पॅकेट त्या सगळ्या गर्दीच्या मागे उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. फायबरवर रस्ता रुंद असल्याने रांग लवकर सरते, पण १०० एमबीपीएसचा रस्तासुद्धा तुमची फाइल पूर्ण भरूच शकते. म्हणून आपोआप थांबेल असं मी म्हणणार नाही. पुष्कळ कमी होईल, हे नक्की.

पूर्ण थांबवायचं तर राउटरमध्ये एसक्यूएम नावाची, रांग आवरणारी सोय आहे का ते बघा, त्यात एफक्यू-कोडेल किंवा केक असे पर्याय असतात. ते रांगेत प्रत्येक प्रवाहाला वेगळी जागा देतात, त्यामुळे आवाज अडकत नाही. त्यात रस्त्याचा वेग भरावा लागतो, खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी. आणि इथेच फायबरचा मोठा फायदा आहे, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. फायबरचा वेग दिवसभर जवळजवळ तोच राहतो, म्हणून एकदा आकडा भरला की विसरून जाता येतं. मोबाइलचा तुमच्याच मोजणीत २२चा ४ झालाय. तिथे कोणता आकडा भरणार? २० भरला तर रात्री उपयोग नाही, ४ भरला तर दिवसाचा वेग हातचा गेला.

ही सोय नसलेला राउटर मिळाला तर सोपा उपाय: फाइल चढवायच्या प्रोग्रॅममध्येच अपलोडची मर्यादा घाला. १००चा प्लॅन असेल तर वर्ग संपेपर्यंत ७०, मग मोकळं सोडा.

---

फायबरवाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण दुजोरा. पिंगबद्दल आमच्या बाजूचं थोडं सांगतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे वीस किलोमीटरला एक मिलिसेकंदाचा दहावा भाग. मोबाइलवर तुमच्या यंत्राला पाठवायच्या आधी टॉवरकडे पाळी मागावी लागते, मग पाठवायचं, बिघडलं तर पुन्हा पाठवायचं. त्यात वेळ जातो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक वेळी सारखा जात नाही. बोलताना उशिरापेक्षा या चढउताराचा त्रास जास्त.

ताई, प्लॅन घेताना तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्या. अपलोडचा वेग किती, कारण जाहिरातीत एकच आकडा असतो आणि तो बहुधा डाउनलोडचा. महिन्याला किती डेटानंतर वेग पडतो, आणि त्यात अपलोड मोजतात का. तुमचे रोजचे ४० जीबी पंचवीस दिवस धरले तरी १००० जीबी निव्वळ अपलोड होतं. ज्या प्लॅनवर "अमर्याद" लिहिलंय त्याच्या खालची बारीक अक्षरं तुमच्यासारख्यांसाठीच असतात. आणि तिसरं, करार संपायच्या आधी घर सोडलं तर काय, जोडणी नव्या पत्त्यावर हलवतात का.

वीज गेल्यावरचंही बघून ठेवा. जीपॉनमध्ये एक्सचेंज आणि तुमचं घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काही नसतं, प्रकाश घराघरांत वाटणारा स्प्लिटर म्हणजे नुसती काच. त्यामुळे घरातल्या दोन डब्यांना (फायबर येऊन संपते तो ओएनटी आणि राउटर) वीज मिळाली की झालं, पलीकडे त्यांची बॅटरी असते. दोन्ही मिळून बहुधा १५-२० वॅटच्या आत. छोटा डीसी यूपीएस पुरतो, फक्त डब्यावर लिहिलेला व्होल्ट आणि पिनची दिशा जुळवून घ्या.

---

संकलिका

ठरलं, फायबरच. विक्रेत्याने १०० वर, १०० खाली असं लेखी दिलंय. पब्लिक आयपी मागून घेता येतो म्हणाले. दोन दिवसांत माणूस येईल.

शेवटचं एक. एसीची वाट दिवाणखान्यात येते आणि माझं टेबल आतल्या खोलीत आहे, मध्ये दोन भिंती. फायबर आतपर्यंत ओढून घेऊ का वायफायवर चालेल?

---

फायबरवाला

तुमच्या कॉम्प्युटरसाठी वायफायवर विसंबू नका. लोक "नेट हळू आहे" म्हणून आम्हाला बोलावतात, आम्ही तारेने लॅपटॉप लावून दाखवतो तर पूर्ण वेग असतो. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ क्षीण होतं, आणि २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, त्यांवर सगळी इमारत बसलेली असते.

फायबर दिवाणखान्यातच संपवा. तिथून टेबलापर्यंत साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ची तार भिंतीच्या कडेने न्या. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट देते, तुम्हाला भरपूर झालं. तार तुम्ही स्वतः लावू-काढू शकता, फायबर तुटली तर आम्हालाच बोलवावं लागतं. आई आणि बाकीच्यांसाठी दिवाणखान्यातलं वायफाय चालेल.

माणूस येईल तेव्हा काही गोष्टी त्याच्याकडून करून घ्या. डब्याजवळ एक-दोन मीटर जादा फायबर गोल वेटोळं करून ठेवायला सांगा, ताटलीएवढं वेटोळं, करकचून नाही. टोक कधी खराब झालं तर तेवढी लांबी कापून नवं टोक बसवता येतं, नाहीतर पुन्हा खालपासून ओढा. एसीच्या पाइपपाशी वळण टोकदार होऊ देऊ नका. तिथे फायबर दाबली गेली की अख्ख्या किलोमीटरमध्ये जात नाही तेवढा प्रकाश त्या एका वळणावर जातो. हिरवं कनेक्टर उघडं असताना त्यात डोकावू नका, आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण असतो.

आणि निघायच्या आधी पॉवर मीटर लावून रीडिंग घ्यायला सांगा, ते लिहून ठेवा. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या मध्ये असेल तर निश्चिंत राहा. उणे २७च्या जवळ असेल तर आज चालेल आणि पहिल्या कुरबुरीला बंद पडेल, मग त्याला जाऊ न देता जोडणी पुन्हा करायला लावा. बऱ्याच ओएनटीच्या पानावर हा आकडा आरएक्स पॉवर म्हणून दिसतो, पुढे कधी शंका आली तर आजच्या आकड्याशी ताडून बघता येईल.

रीडिंग आलं की इथे टाका, मी बघतो.